रहस्यकादंबरी : प्रतिष्ठित घरांतील गुपिते

इंग्लंडमध्ये 1860 च्या दशकात ‘सेन्सेशन नॉव्हेल’ हा कादंबरीप्रकार लोकप्रिय झाला. विल्की कॉलिन्सची ‘द वुमन इन व्हाइट’ (1860) आणि मेरी एलिझाबेथ ब्रॅडनची ‘लेडी ऑडलीज सीक्रेट’ (1862) या त्यातील गाजलेल्या कृती. ओसाड गढ्यांतील भुताखेतांऐवजी प्रतिष्ठित घरांत दडलेला भूतकाळ, लपविलेला विवाह, बदललेली ओळख हे त्यांचे विषय. त्या हप्त्याहप्त्याने प्रसिद्ध होत. त्यामुळे वाचकांची उत्कंठा ताणली जाई.

मराठीत रहस्यरंजनाची ही ओढ त्याआधीच्या पिढीतील जी. डब्ल्यू. एम. रेनॉल्ड्स (1814–1879) याच्या कादंबऱ्यांनी जोपासली. हरि नारायण आपटे यांची पहिली कादंबरी ‘मधली स्थिति’ (1885) त्याच्याच कादंबरीवर बेतलेली होती. पुढे गो. ना. दातार यांनीही रेनॉल्ड्सची रूपांतरे केली. आपटे मात्र लवकरच वेगळ्या वाटेने गेले. ‘करमणूक’मधून क्रमशः प्रसिद्ध झालेल्या ‘पण लक्षांत कोण घेतो’मध्ये विधवा यमूचे सक्तीने केशवपन होते. इंग्रजी कादंबरीतील गुपित एखाद्यालाच ठाऊक असते. यमूचे दुःख घरोघरी ठाऊक होते, त्याची दखल घेणारे मात्र विरळा.