गुमास्ता, पगार आणि हप्ता

मुंबईत नवं दुकान टाकणाऱ्याला पहिल्यांदा विचारतात, 'गुमास्ता काढला का?' बँकेत चालू खातं उघडायला गेलं की तिथेही हाच कागद मागतात. ऐकणाऱ्याला वाटावं, गुमास्ता हे परवान्याचंच नाव. पण गुमास्ता हा मुळात माणूस. फारसीत 'गुमाश्तन' म्हणजे नेमणे आणि 'गुमाश्ता' म्हणजे नेमलेला; पेढीवर हिशेब लिहिणारा, मालकाच्या वतीने वसुलीला जाणारा पगारी नोकर. बंगालात ईस्ट इंडिया कंपनीचे गुमास्ते विणकरांच्या डोक्यावर बसलेले असत आणि त्यांचा मोठा दरारा होता. आपल्याकडचा गुमास्ता मात्र गादीच्या कडेला मान खाली घालून लिहिणारा.

मुंबई प्रांतात 1939 मध्ये आणि नव्याने 1948 मध्ये दुकाने व आस्थापनांचा कायदा झाला. या नोकराचे कामाचे तास आणि आठवड्याची सुटी ठरवण्यासाठी तो होता, म्हणून लोकांनी त्याला गुमास्ता कायदा म्हटलं. पुढे त्याखाली मिळणारा नोंदणीचा दाखलाच गुमास्ता झाला. एकट्याने चालवलेल्या गाळ्यातही आज भिंतीवर 'गुमास्ता' टांगलेला दिसतो. नसतो तो फक्त नोकर. 2017 च्या कायद्याने दहापेक्षा कमी कामगारांच्या दुकानांना नोंदणीऐवजी नुसती सूचना देण्याची मुभा दिली, तरी बोलण्यातला गुमास्ता हलला नाही. नोकराचं नाव मालकाच्या कागदाला चिकटलं, याला शब्दाची बढती म्हणवत नाही.

आता या माणसाच्या हाती काय पडतं ते पाहू. 'पगार' आला पोर्तुगिजांकडून. त्यांच्या भाषेत ते क्रियापद आहे, पैसे चुकते करणे. त्यामागे लॅटिन 'पाकारे', म्हणजे शांत करणे; देणेकऱ्याने पैसे देऊन घेणेकऱ्याला गप्प करायचं, असा त्याचा प्रवास. इंग्रजी 'पेमेंट'ही त्याच घराण्यातलं, त्यामुळे 'पगाराचं पेमेंट अडकलं' म्हणणारा एकच गोष्ट दोनदा सांगतो. (अडकतं मात्र एकदाच, आणि बहुधा सणाच्या तोंडावर.) पगार हा असा देणाऱ्याच्या बाजूचा शब्द. 'कमाई' घेणाऱ्याच्या बाजूची. संस्कृत 'कर्म', प्राकृत 'कम्म', त्यातून काम आणि कमावणेही. कातडं कमावतात, शरीर कमावतात, तसेच पैसेही. अंग झिजवल्याचा अर्थ त्यात अजून जिवंत आहे.

हा नोकर ज्या दुकानात राबतो, तिथल्या व्यापाराला आपण 'किरकोळ' म्हणतो. कन्नडमध्ये 'किरु' म्हणजे लहान. आपला किरकोळ त्याच गोतावळ्यातला. किरकोळ दुखापत, किरकोळ रजा, किरकोळ विक्री. राज्यात लाखो माणसं पोटाला लावणारा धंदा, पण नावातच त्याची किंमत कमी केलेली.

मोजमापाचीही गंमत आहे. केंद्राच्या नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणात पगारदाराला गेल्या महिन्याची कमाई विचारतात, रोजंदारीवाल्याला आठवड्यातल्या एकेका दिवसाची. दुकानातला पोऱ्या या दोहोंच्या मध्ये कुठेतरी असतो. पगार महिन्याचा ठरलेला, मधेच घेतलेली 'उचल' त्यातून वळती, आणि 'खाडा' झाला की त्या दिवसाचे पैसे कापलेले. उचल आणि खाडा हे शब्द ज्याला माहीत नाहीत, त्याला या माणसाच्या सरासरी कमाईचा आकडा वाचूनही फारसं काही कळणार नाही.

आठवड्याच्या पगाराची पद्धत इचलकरंजी, मालेगावच्या यंत्रमागांवर रुजली. दुकानांत महिनाच टिकला. फारसी 'हफ्त' म्हणजे सात, संस्कृत 'सप्त'चा सख्खा भाऊ. त्यावरून हप्ता म्हणजे आठवडा. हिंदीत तो अर्थ अजून रोजच्या वापरात आहे. मराठीत हप्ता कर्जाचा, भिशीचा, नाहीतर नाक्यावरच्या दादाचा. यातला एकही हप्ता नोकराच्या खिशात येत नाही, सगळे खिशातून जातात. आपला 'आठवडा' तेवढा निर्मळ राहिला, मग तो सातच दिवसांचा असून नावात आठ का असेना.

तेव्हा सरकारी तक्ते मराठीत उतरवणाऱ्यांना एक विनंती. 'सरासरी साप्ताहिक वेतन' असं लिहू नका, 'आठवड्याची सरासरी कमाई' लिहा. ज्याच्याबद्दल तो तक्ता आहे, त्याला तो वाचता आला पाहिजे.