दोन भाऊ, एक राज्य

सिंहासनासाठी भाऊ भावाचा वैरी झाल्याच्या कथा आपणांस नव्या नाहीत. काईन आणि हाबेल यांच्यापाशी सुरू होणारी ही दुःखद परंपरा दारा आणि औरंगजेब यांच्यापर्यंत अखंड चालत आलेली दिसते. म्हणूनच दोन सख्ख्या भावांनी मिळून एक साम्राज्य उभारले आणि अखेरपर्यंत एकमेकांवर शस्त्र धरले नाही, हे वाचले की आपण थबकतो. अकराव्या शतकातील तुघ्रिल बेग आणि चाघ्री बेग हे ते दोन भाऊ होत.

त्यांचा आजा सेल्जुक हा ओघुझ तुर्कांचा एक सरदार. सिर दर्या नदीकाठच्या जंद येथे त्याने इस्लामचा स्वीकार केला. मिकाईल, इस्राईल आणि मुसा ही त्याच्या मुलांची नावे आपल्याही कानांस ओळखीची वाटतात. चाघ्रीचे दुसरे नाव तर दाऊद, म्हणजे आपला दावीद. मिकाईल अकाली निवर्तला आणि त्याचे हे दोन मुलगे आजोबांच्या छायेत वाढले.

१०३५ साली हे कुळ आपले कळप घेऊन खुरासानात उतरले. तेथे गझनीच्या मसूदचा अंमल होता. सोमनाथ लुटणाऱ्या महमूदचा हा पुत्र. १०३८ साली निशापूर नगर सेल्जुकांच्या हाती आले. चाघ्रीला ते लुटावयाचे होते. तुघ्रिलने सुरी उपसून, लूट झाली तर मी स्वतःचा प्राण घेईन, असे बजावले, अशी हकीकत इतिहासकारांनी नोंदविली आहे. नगर वाचले.

पुढे मसूद प्रचंड सैन्य आणि हत्ती घेऊन चालून आला, तेव्हा खुरासान सोडून पश्चिमेस जावे, असे तुघ्रिलच्या मनात आले. या वेळी चाघ्रीने त्याला थोपविले. शत्रू अवजड आहे, आपण हलके आहोत, हा त्याचा युक्तिवाद होता. तो खरा ठरला. मे १०४० मध्ये मर्वजवळील दंदानकान येथे तहानेने व्याकूळ झालेल्या गझनवी सैन्याची धूळधाण उडाली. हिंदुस्थानाकडे निघालेल्या मसूदला सिंधुतीरी त्याच्याच सैनिकांनी पदच्युत केले आणि १०४१ साली तो मारला गेला. एकदा धाकाने, एकदा युक्तिवादाने, भावाने भावाला सावरले. राज्याचा पाया आमच्या मते येथेच पडला.

विजयानंतर वाटणी झाली. चाघ्री मर्व येथे राहून पूर्व सांभाळू लागला. तुघ्रिल पश्चिमेस निघाला आणि १०५५ साली बगदादेत शिरला. खलिफाने दिलेला मान तुघ्रिलला मिळाला, पण त्या खलिफाशी विवाह झाला तो चाघ्रीच्या कन्येचा. चाघ्रीने पश्चिमेवर हक्क सांगितला नाही.

परंतु ज्या रूढीने ही वाटणी शक्य झाली, तिच्यातच विष होते. राज्य हे साऱ्या कुळाचे, असे तुर्क मानीत; मग कुळातील प्रत्येकाला आपला वाटा कमीच वाटणार. तुघ्रिलचा सावत्र भाऊ इब्राहीम इनाल याने बंड केले, तेव्हा अल्प अर्सलान, याकुती आणि कावुर्द हे चाघ्रीचे पुत्र चुलत्याच्या मदतीस धावले. १०५९ साली रय नगराजवळ इब्राहीम पराभूत झाला आणि धनुष्याच्या दोरीने त्याचा गळा आवळण्यात आला.

१०६३ साली तुघ्रिल निपुत्रिक वारला आणि राज्य चाघ्रीच्या अल्प अर्सलानकडे गेले. याच अल्प अर्सलानने १०७१ साली मांझिकर्ट येथे बायझंटाइन सम्राटास कैद केले. त्या पराभवाचे पडसाद उमटत उमटत १०९५ साली क्लेरमाँच्या धर्मसभेत पोप दुसरे अर्बन यांनी दिलेल्या क्रूसयुद्धाच्या हाकेपर्यंत पोहोचले.

आणि चुलत्यासाठी लढलेला तो कावुर्द? १०७३ साली तो आपल्याच पुतण्यावर, मलिकशाहवर, उलटला आणि प्राणास मुकला. रूढी तीच होती, रक्तही तेच होते. दोघा भावांमधील विश्वास मात्र वारशाने पुढे गेला नाही. वडिलोपार्जित जमिनीच्या वाटण्या पाहिलेल्या आपल्या कुटुंबांना हे वेगळे सांगावयास नको: वाटा लिहून देता येतो, बंधुभाव प्रत्येक पिढीला नव्याने कमवावा लागतो.