नोंदशब्द आणि प्रश्न : मराठवाड्यातील कोशवाचनाच्या इतिहासाकडे

मराठी समीक्षेने कोशवाङ्मयाचा विचार प्रामुख्याने दोन अंगांनी केलेला आहे. एक, संपादकाच्या प्रचंड परिश्रमांचा गौरव, आणि दोन, नोंदींच्या अचूकपणाची चिकित्सा. या दोन्ही पद्धतींत वाचक जवळजवळ अनुपस्थित असतो. कोश कोणी रचला हे आपण जाणतो, पण तो कोणाला आणि कशासाठी घरात असावासा वाटला, हा प्रश्न वाङ्मयेतिहासात क्वचितच उपस्थित झाला. वास्तविक सर्वसामान्य ग्रंथापेक्षा कोशाचे वाचकाशी असलेले नाते मूलतः वेगळे आहे. कादंबरी वाचली जाते, तर कोश बाळगला जातो. दैनंदिन जीवनात अकस्मात उद्भवणाऱ्या प्रश्नाला उत्तर देण्याचे वचन तो देतो, आणि हे वचन कधी वापरले गेले नाही तरी त्याचे मूल्य उणावत नाही. या वचनाचे आकर्षण समजून घ्यावयाचे तर प्रश्न विचारणे ही कृती ज्या प्रदेशात सोपी नव्हती, अशा प्रदेशाकडे पाहावयास हवे. नांदेड आणि लातूर हा असा एक प्रदेश होय.

घरगुती कोशाची कल्पना युरोपात अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत रुजली. दिदरो आणि दालांबेर यांच्या १७५१ पासून निघालेल्या कोशाने ज्ञानाची नवी मांडणी केली, तर पुढे ब्रॉकहाउसच्या जर्मन कोशाने आपल्या नावातच संभाषणाचा उल्लेख करून दिवाणखान्यातील सुशिक्षित मध्यमवर्गाला हाताशी धरले. श्रीधर व्यंकटेश केतकर १९०६ मध्ये अमेरिकेत गेले आणि कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवून १९१२ मध्ये परतले. ब्रिटानिकाची विख्यात अकरावी आवृत्ती १९१०-११ मध्ये, म्हणजे नेमकी याच काळात प्रसिद्ध झाली. परंतु केतकरांनी मराठीत जे उभे केले ते ब्रिटानिकाचे रूपांतर नव्हते. नागपूरला स्थापन झालेली आणि पुढे पुण्यास आलेली त्यांची ज्ञानकोश मंडळ ही भागभांडवलावर चालणारी मर्यादित कंपनी होती. राजाश्रय वा विद्यापीठ यांऐवजी भागधारक आणि वर्गणीदार यांच्या बळावर १९२०च्या दशकात ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोशा’चे तेवीस खंड सिद्ध झाले. या उद्योगाची हकिकत केतकरांनी ‘माझे बारा वर्षांचे काम’ या ग्रंथात स्वतःच नोंदवून ठेवली आहे.

या व्यवहाराचा एक अर्थ वाङ्मयीनदृष्ट्या महत्त्वाचा आहे. कोश पूर्ण होण्याआधीच त्याचा वाचक पैसे देऊन त्यात सामील होत होता. जे ज्ञान अद्याप लिहिले गेलेले नाही, त्यावरील हक्क तो विकत घेत होता. कोशाच्या रचनेतही ही दुहेरी भूमिका दिसते. आरंभीचे पाच प्रस्तावनाखंड सलग वाचावयाचे आहेत. ‘हिंदुस्थान आणि जग’पासून ‘विज्ञानेतिहासा’पर्यंत ते एका समाजाला जगाच्या इतिहासात त्याची जागा दाखवितात. त्यानंतरचे अकारविल्हे खंड मात्र गृहस्थाच्या हाताशी राहण्यासाठी आहेत. पहिल्या भागात वाचक हा राष्ट्राचा घटक असतो, दुसऱ्या भागात तो एक प्रश्न घेऊन आलेली व्यक्ती असतो. केतकरांच्या कोशाचे आकर्षण या दोहोंच्या संयोगात होते.

पुण्यामुंबईच्या वाचकाला हा संयोग स्वाभाविक वाटला असेल. नांदेडच्या वाचकाला तो तसा वाटणे शक्य नव्हते. नांदेड जिल्हा आणि तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यातील लातूर हे दोन्ही निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. राज्यकारभार आणि उच्च शिक्षण यांची भाषा उर्दू होती. १९१७ मध्ये हैदराबादेत दारुल-तर्जुमा ही भाषांतरसंस्था सुरू झाली आणि १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ अस्तित्वात आले. आधुनिक विद्या इंग्रजीऐवजी एका देशी भाषेत आणण्याचा तो भारतातील एक मोठा प्रयोग होता, आणि मराठीतील मुक्तिलढ्याच्या इतिहासलेखनाने त्याची पुरेशी दखल घेतलेली नाही. एकाच काळात, एक राज्याच्या तिजोरीतून आणि दुसरा भागधारकांच्या पैशातून, असे देशी भाषेतील ज्ञानाचे दोन प्रकल्प चालू होते. गोदाकाठचा शिकलेला मराठी माणूस या दोहोंच्या मधोमध उभा होता. उर्दू प्रकल्प त्याच्या राज्यातला होता, पण त्याच्या घरातल्या भाषेत नव्हता. मराठी प्रकल्प त्याच्या भाषेतला होता, पण त्याच्या राज्याबाहेर चालला होता. ज्ञानकोश घरात असणे म्हणजे त्याच्यासाठी केवळ माहितीची सोय नव्हती. आपली भाषाही विज्ञानाचे व इतिहासाचे प्रश्न पेलू शकते, याचा तो दृश्य पुरावा होता. विनापरवाना सभा घेण्यास ‘गश्ती निशाण ५३’ने बंदी असलेल्या संस्थानात सार्वजनिक चर्चेचे अवकाश आकुंचित होते. अशा वेळी वाचनालयाची कपाटे आणि खाजगी ग्रंथसंग्रह यांना वाचनापलीकडचे मोल येते. १९३१ मध्ये हैदराबाद येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी ज्ञानकोशकार केतकर होते, ही घटना या संदर्भात वाचावयास हवी.

तथापि, अस्मितेच्या या स्पष्टीकरणावर थांबणे पुरेसे नाही. दैनंदिन प्रश्नांची उत्तरे देणाऱ्या यंत्रणा या प्रदेशात कोशापूर्वीही होत्या. ग्रहण कधी, हे पंचांग सांगे आणि पंचांग जोशीबुवा वाचून दाखवीत. जमिनीचा प्रश्न पटवाऱ्याच्या दप्तरात बंद असे. विंचू उतरविणारा, नाडी पाहणारा, दर्ग्यातील मुजावर, कीर्तनात शंका फेडणारे बुवा, हे सारे उत्तरांचे धनी होते. या व्यवस्थेत उत्तर फुकट मिळत नसे. कधी दक्षिणा, कधी वेठ, आणि नेहमीच एक प्रकारची नम्रता ही त्याची किंमत होती. कोणी कोणाला काय विचारावे हे जातीने आणि लिंगाने ठरलेले होते. कोशाचे खरे क्रांतिकारकत्व येथे दिसते. कोश विचारणाऱ्याची जात विचारत नाही, पुन्हा पुन्हा विचारल्यास कंटाळत नाही आणि अज्ञानाची वाच्यता करीत नाही. वर्णानुक्रम ही वर्णव्यवस्थेला नकार देणारी रचना आहे. त्यात ‘ब्राह्मण’ आणि ‘बाभूळ’ यांचा क्रम केवळ अक्षरे ठरवितात.

परंतु हा युक्तिवाद अर्धाच खरा आहे. कोश जात विचारत नसला तरी कपाट कोणाच्या वाड्यात आहे हा प्रश्न उरतोच. अनेक खंडांचा संच विकत घेणे, आणि मुळात वाचता येणे, या दोन्ही गोष्टी संस्थानी मराठवाड्यात अल्पसंख्याकांच्या होत्या. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थानी राजवट संपली. १९५० मध्ये नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ यांच्या प्रेरणेने पीपल्स कॉलेज उभे राहिले. १९५५ चा हैदराबादचा आणि १९६७ चा महाराष्ट्राचा ग्रंथालय कायदा यांनी वाचनालयांना शासकीय आधार दिला. खाजगी कपाटातील कोश सार्वजनिक मेजावर आला तो या टप्प्यात. त्या आधीच, १९४९ ते १९५१ या काळात, य. रा. दाते आणि चिं. ग. कर्वे यांनी ‘सुलभ विश्वकोश’ सहा भागांत आणला होता. ‘सुलभ’ या विशेषणातच नव्या वाचकाची चाहूल होती.

दुसरी मर्यादा अधिक मूलगामी आहे, कारण ती कोशाच्या रचनेतच आहे. माणसाचा प्रश्न वाक्यात येतो, कोशाचे उत्तर नोंदशब्दाखाली असते. तुरीचे उभे पीक वाळते आहे ते का, असे लातूर तालुक्यातील शेतकरी विचारतो. उत्तर शोधण्यासाठी त्याला आधी ‘बुरशी’ हे कारण ठाऊक हवे, आणि मराठी विश्वकोशात ती ‘कवक’ या शब्दाखाली आहे हेही ठाऊक हवे. म्हणजे कोशाला विचारता येण्यासाठी अर्धे उत्तर आधीच माहीत असावे लागते. लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली वाई येथे सिद्ध झालेल्या विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये आला. त्यापूर्वी १९७३ मध्येच परिभाषासंग्रह काढावा लागला. शास्त्रीय काटेकोरपणासाठी परिभाषा अपरिहार्य होती, यात शंका नाही. पण तिने प्रश्न आणि नोंद यांच्यात नवा मध्यस्थ आणला. जोशीबुवांची जागा परिभाषेच्या जाणकाराने, म्हणजे शिक्षकाने, घेतली.

वर्णानुक्रमाची तिसरी अडचण काळाची आहे, आणि ती या प्रदेशाच्या वाट्याला विशेष आली. विश्वकोशाचा ‘उ’ अक्षराचा खंड १९७० च्या दशकात निघाला तेव्हा लातूर हे उस्मानाबाद जिल्ह्यातील एक व्यापारी शहर होते. १६ ऑगस्ट १९८२ रोजी ते स्वतंत्र जिल्ह्याचे ठिकाण झाले. ‘ल’ अक्षराची पाळी आली ती १९९० च्या दशकात, आणि दरम्यान ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप होऊन गेला होता. एकाच कोशाच्या दोन खंडांत एकाच भूभागाचे दोन काळ बांधले गेले. पुढे २०२३ मध्ये उस्मानाबादचे धाराशिव झाले, आणि जिल्हा ‘उ’वरून ‘ध’कडे गेला. १९९४ मध्ये मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव जोडले जाण्यापूर्वी किती घरे जळाली, हे ध्यानी घेतल्यास नोंदशब्द ही निरुपद्रवी बाब नव्हे हे पटावे. कोणत्या नावाखाली शोधावयाचे, हाच येथे संघर्षाचा विषय होता.

या तिन्ही मर्यादांमुळे मुद्रित कोशाला मौखिक पूरकाची गरज राहिली. नांदेडमध्ये नरहर कुरुंदकर यांच्याभोवती जमणाऱ्या श्रोत्यांचा अर्थ या दृष्टीने लावता येतो. औपचारिक पदवी उशिरा मिळविलेला हा शिक्षक व्याख्यानातून आणि गप्पांतून इतिहास, नाट्यशास्त्र, राजकारण, संगीत अशा भिन्न विषयांवर बोलत असे. अशा व्यक्तीला मराठीत ‘चालताबोलता ज्ञानकोश’ म्हणण्याची प्रथा आहे. पण ही उपमा दिशाभूल करणारी आहे. कोश शंकेला प्रतिप्रश्न करीत नाही, तर कुरुंदकरांचे बलस्थान नेमके प्रश्नाची फेरमांडणी करण्यात होते. १९८२ मध्ये त्यांच्या निधनाने जी पोकळी निर्माण झाली ती माहितीची नव्हती, तर प्रश्न विचारावयास शिकविणाऱ्या संवादाची होती. त्यानंतरच्या काळात लातूरची शैक्षणिक कीर्ती परीक्षेच्या तयारीवर उभी राहिली. तेथे प्रश्न विद्यार्थ्याचा नसतो, तो प्रश्नपत्रिकेचा असतो, आणि उत्तर मार्गदर्शक पुस्तिकेत आधीच तयार असते. पहिल्या पिढीच्या हजारो मुलांना या पद्धतीने वैद्यकीय व अभियांत्रिकी शिक्षणाचे दार उघडले, हे नाकारता येणार नाही. मात्र कोश उघडण्यामागील अकारण कुतूहलाला त्या वेळापत्रकात जागा उरली नाही.

मुद्रित कोशाचे युग आता ओसरले आहे. ब्रिटानिकाने २०१२ मध्ये छपाई थांबविल्याचे जाहीर केले. मराठी विश्वकोशाचे खंड संगणकावर खुले झाले, आणि २००३ पासून वाचकच लेखक असलेला मराठी विकिपीडिया आहे. शेतकऱ्याचे वाक्य आज नोंदशब्दात न बदलता भ्रमणध्वनीला विचारता येते. नोंदशब्दाचा जुना अडसर अशा रीतीने दूर झाला, ही लहान गोष्ट नव्हे. पण त्याचबरोबर कोशाचा एक गुणही लोपण्याची शक्यता आहे. कपाटातील खंडांना शेवट होता. त्यांत काय नाही, कोणते नाव गाळले गेले आहे, हे बोट ठेवून दाखविता येत असे, आणि संपादकाला जबाबदार धरता येत असे. उत्तराचा धनी कोण, हे ठाऊक असल्याखेरीज उत्तराशी वाद घालता येत नाही. पंचांगापासून ज्ञानकोशापर्यंतच्या प्रवासात मराठवाड्याच्या वाचकाने जो अधिकार मिळविला, तो केवळ उत्तर मिळविण्याचा नव्हता, तर ते पडताळून नाकारण्याचाही होता. कोशवाङ्मयाच्या इतिहासाने यापुढे खंडांच्या संख्येबरोबर या अधिकाराचीही नोंद घ्यावयास हवी.