मुळशीच्या मुलांचे दात आणि पुण्याची वाट

मुळा आणि मुठा या नद्या सह्याद्रीच्या ज्या रांगांत उगम पावतात, त्या रांगांच्या कुशीत पसरलेला मुळशी तालुका पुणे शहराला इतका लागून आहे की शहराच्या पश्चिमेकडील टेकड्यांवर उभे राहिले म्हणजे त्याचे डोंगर नजरेस पडावेत. परंतु ताम्हिणीच्या अंगाला किंवा मोसे खोऱ्यात राहणाऱ्या माणसाला दुखणे घेऊन शहर गाठायचे झाले म्हणजे हे सान्निध्य त्याच्या फारसे कामी येत नाही, असाच गेल्या शंभर वर्षांचा अनुभव आहे. या तालुक्याचा इतिहास शिवकालातील मावळे, घनगडासारखे गिरिदुर्ग आणि सेनापती बापटांचा सत्याग्रह या तीन प्रकरणांत सांगण्याची वहिवाट पडलेली आहे, आणि ती योग्यच आहे. मात्र येथल्या शाळकरी मुलांच्या दातांनाही एक इतिहास आहे. आणि अन्न, वैद्यक, शाळा व सरकार या चार गोष्टी एखाद्या मुलखात कशा आल्या आणि कुठवर येऊन थांबल्या, हे त्या लहानशा अवयवाच्या आधाराने जितके स्पष्ट दिसते तितके मोठमोठ्या घडामोडींतून दिसत नाही.

इंग्रजी अमदानीत मुळशी हा हवेली तालुक्याचा एक पेटा होता. टाटा कंपनीने मुळेच्या पात्रात धरण बांधावयास घेतले तेव्हा १९२१ साली पांडुरंग महादेव बापट यांच्या नेतृत्वाखाली येथल्या शेतकऱ्यांनी जो लढा आरंभिला, त्याने बापटांना सेनापती ही पदवी दिली, पण जमीन मात्र वाचली नाही. धरण उभे राहिले, त्याचे पाणी घाटाखाली भिऱ्यास उतरवून वीज निर्माण झाली आणि ती मुंबईकडे गेली. भाताची खाचरे बुडाली, याचा उल्लेख सर्वत्र सापडतो. त्या खाचरांबरोबर खोऱ्याच्या तळातून जाणाऱ्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या पाऊलवाटाही बुडाल्या, माणसे उतारावर सरकली, समोरासमोरच्या वस्त्यांमध्ये जलाशय आला आणि बाजार, शाळा व वैद्य ही तिन्ही ठिकाणे पूर्वीपेक्षा लांब पडली, याचा उल्लेख क्वचितच होतो. या भागात पडणारा पाऊस महाराष्ट्रातील सर्वाधिक पावसांपैकी एक. तेव्हा वर्षातील चार महिने हे अंतर आणखी वाढे, हे वेगळे सांगावयास नको.

या मुलखात दातांची निगा म्हणून जे काही होते, ते जुन्या परंपरेतून झिरपत आलेले होते. सुश्रुतसंहितेत दंतधावनासाठी बारा अंगुळे लांब व करंगळीइतकी जाड काडी घ्यावी असे सांगितले असून तिक्त रसात निंब, कषाय रसात खदिर, मधुर रसात मधूक आणि कटु रसात करंज हे वृक्ष श्रेष्ठ मानले आहेत. पोथीतले हे विवेचन डोंगरातल्या घरापर्यंत पोहोचले असो वा नसो, काडी चावून तिचा कुंचा करणे आणि राखुंडी, कोळशाची पूड किंवा मीठ बोटावर घेऊन दात घासणे ही रीत घरोघरी होती. आंबेमोहोराचा भात पिकवून तो बाजारात घालावा आणि स्वतः नाचणी-वरईवर वर्ष काढावे, ही पुष्कळ कुटुंबांची गुजराण असल्यामुळे गोड पदार्थ सणासुदीपुरताच तोंडी लागे. या राहणीचे गोडवे गाण्याचे कारण नाही, कारण त्याच घरांत तंबाखू खापरावर काळी होईस्तो भाजून तिची मिसरी हिरड्यांना चोळण्याची सवय बायकांना असे आणि आईचे पाहून ती पोरींनाही लागे; तंबाखू घातलेल्या दंतमंजनांवर केंद्र सरकारने बंदी आणली ती १९९२ साली, आणि घरी भाजलेल्या मिसरीपर्यंत कायद्याचा हात पोहोचणे तर त्यानंतरही दुर्घटच राहिले.

दाढ ठणकू लागली म्हणजे लवंग धरावी, आणि तेवढ्याने भागले नाही तर गावात फिरत येणाऱ्या वैदूची वाट पाहावी, हा परिपाठ होता. भुईरिंगणीच्या बिया निखाऱ्यावर टाकून त्यांची धुरी तोंडात घेतली म्हणजे दाढेतला किडा गळून पडतो, असा समज महाराष्ट्रभर रूढ होता. दातात अळी असते ही कल्पना केवळ आपल्याकडची नव्हे; ती जगातील बहुतेक प्राचीन संस्कृतींत आढळते, पॅरिसच्या पिएर फोशार याने १७२८ साली आपल्या दंतवैद्यकाच्या ग्रंथात तिचा अव्हेर केला, आणि बर्लिनमध्ये संशोधन करणाऱ्या मिलर या अमेरिकन शास्त्रज्ञाने १८९० साली असे दाखविले की तोंडातील सूक्ष्म जंतू साखर व पिष्ट यांपासून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दाताचे कवच विरघळविते. वैदूच्या धुरीने दंतक्षय थांबत नव्हता, हे आज निश्चितपणे सांगता येते. पण वैदू दारात येत होता, ही गोष्ट मी त्याच्या पदरी जमा धरतो. कारण त्याच्यानंतर जे शास्त्र आले ते खरे होते, परंतु ते दारात आले नाही.

ते शास्त्र शहरात आले आणि शहरातच स्थिरावले. डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी कलकत्त्यात १९२० साली देशातले पहिले दंतवैद्यक महाविद्यालय काढले, मुंबईत नायर रुग्णालयाशी संलग्न महाविद्यालय १९३३ साली सुरू झाले, १९४८ साली दंतवैद्यांच्या व्यवसायाचे नियमन करणारा कायदा झाला, आणि पुढे पुणे-पिंपरीच्या परिसरात एकामागून एक खाजगी दंतमहाविद्यालये उभी राहिली. याच काळात साखर मात्र डोंगर चढून वर आली. मुळशी-मावळातील असंख्य पुरुष मुंबईत डबे पोहोचविण्याच्या व हमालीच्या कामाला लागले होते; त्यांच्याबरोबर रोख पैसा आला, चहा आला, पोरांसाठी बिस्किटे व गोळ्या आल्या, आणि जो खाऊ सणाचा होता तो रोजचा झाला. दाताला साखरेच्या एकूण तोलापेक्षा ती दिवसातून किती वेळा तोंडात जाते याचा जाच अधिक होतो. थोड्या थोड्या वेळाने चघळलेली गोळी ही सणाच्या पुरणपोळीपेक्षा कितीतरी घातक ठरते. भारतीय दंत परिषदेने २००२-०३ साली केलेल्या देशव्यापी पाहणीत पाच वर्षांच्या मुलांपैकी ५१.९ टक्के, बारा वर्षांच्या मुलांपैकी ५३.८ टक्के आणि पंधरा वर्षांच्या मुलांपैकी ६३.१ टक्के मुलांचे दात किडलेले आढळले, म्हणजे वर्गातल्या दर दोन मुलांपैकी एकाचे.

सरकारने या मुलांकडे पाहिले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. शाळेतल्या मुलांची वैद्यकीय तपासणी हिंदुस्थानात प्रथम झाली ती १९०९ साली, सयाजीराव महाराजांच्या बडोद्यात. १९४६ साली भोर समितीने अहवाल दिला तेव्हा शालेय आरोग्यसेवा देशात जवळजवळ नाहीच असा तिचा निष्कर्ष होता; १९६० साली श्रीमती रेणुका राय यांच्या अध्यक्षतेखाली या एकाच विषयासाठी समिती नेमण्यात आली; १९६२ साली महाराष्ट्रात जिल्हा परिषदा स्थापन होऊन गावोगावच्या प्राथमिक शाळा त्यांच्या ताब्यात आल्या; आणि ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्याच राज्यात, पालघर येथे, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ झाला. त्या कार्यक्रमान्वये डॉक्टरांचे फिरते पथक वर्षातून एकदा शाळेत व दोनदा अंगणवाडीत जाते, आणि ज्या विकारांची नोंद ते करते त्यांत दातांचे विकारही आहेत.

ही तपासणी म्हणजे काय, हे जवळून पाहण्यासारखे आहे. मुले ओळीने उभी राहतात; वजन, उंची, डोळे, कान होता होता पाळी तोंडाची येते; पोर आ करते, टॉर्चचा झोत क्षणभर आत फिरतो आणि तक्त्यातल्या दातांच्या रकान्यात एक शब्द पडतो. पुढे पालकाच्या हाती चिठ्ठी जाते, आणि ती चिठ्ठी पौडच्या ग्रामीण रुग्णालयाचा किंवा औंधच्या जिल्हा रुग्णालयाचा रस्ता दाखविते. आवणीच्या दिवसांत एक मजुरी बुडवून, गाडीभाडे घालून, पोराला घेऊन जायचे आणि तेही पुढेमागे पडूनच जाणाऱ्या दुधाच्या दातासाठी, हा हिशोब आईबापांना पटत नाही. पडलेला दात कौलावर भिरकावून नवा मागण्याची ज्यांच्यात रीत, त्यांनी दुधाच्या दाताची फार चिंता का करावी? पण याच समजुतीत एक मोठी हानी दडलेली आहे. वयाच्या सहाव्या वर्षाच्या सुमारास, म्हणजे मूल पहिलीत बसते त्याच वर्षी, दुधाच्या दाढांच्या मागे, कोणताही दात न पडता, कायमची पहिली दाढ मुकाट्याने उगवते. तिच्या माथ्यावरच्या खोल चिरांत अन्न अडकून ती लवकर किडते, आणि घरचे तिला दुधाचीच समजत राहतात. जन्मभर चावण्याचा भार ज्या दाढेवर पडायचा ती अशा रीतीने चौथीपाचवीतच निकामी होऊ लागते, आणि दातांच्या रकान्यात मागल्या वर्षीचाच शब्द पुन्हा लिहिला जातो.

मूल आणि दंतवैद्य यांच्यातील या अंतरावर तोडगा शोधण्याचे प्रयत्न जगात दोन दिशांनी झाले. न्यूझीलंडने, योगायोगाने मुळशीच्या सत्याग्रहाच्याच साली, म्हणजे १९२१ मध्ये, शाळांत राहून मुलांचे दात दुरुस्त करणाऱ्या परिचारिकांचे शिक्षण सुरू केले. उपचार शाळेत नेण्याचा हा मार्ग. दुसरा मार्ग सल्ला पाठविण्याचा. अमेरिकेच्या सैन्याने १९९४ साली जॉर्जिया राज्यात रुग्णांच्या दातांची छायाचित्रे दूरवरच्या फोर्ट गॉर्डन येथील तज्ज्ञांकडे पाठवून दूरस्थ दंतसल्ल्याचा पाया घातला, आणि कॅलिफोर्नियात २०१० पासून शाळांमध्ये जाणाऱ्या दंतसेविका मुलांची छायाचित्रे व नोंदी घेऊन दूरच्या दंतवैद्याकडे धाडू लागल्या व त्याच्या सांगण्यावरून साधे उपचार तेथेच करू लागल्या. भारतातही इस्रोने २००१ पासून उपग्रहाच्या द्वारे दूरच्या रुग्णालयांना तज्ज्ञांशी जोडले, आणि २५ मार्च २०२० रोजी, करोनाच्या टाळेबंदीत, दूरवैद्यकाची रीतसर मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध झाली.

मुळशीला दूरस्थ सल्ल्याची ही रीत विशेष लागू पडते असे मला वाटते. एकाच तालुक्याच्या पूर्वेस हिंजवडीत साऱ्या जगासाठी संगणकप्रणाली लिहिल्या जातात आणि पश्चिमेस पावसाळ्यात दिवसेंदिवस मोबाइलला रेंज नसते. परंतु दातांच्या सल्ल्याला अखंड जोडणीची गरज नाही. आशाताईने किंवा शिक्षिकेने मुलाला चूळ भरावयास लावावे, गाल व ओठ प्लास्टिकच्या कडीने बाजूला धरावेत, समोरून, डावीकडून व उजवीकडून आणि आरशाच्या साह्याने वरच्या व खालच्या दातांची मिळून पाच छायाचित्रे घ्यावीत, ती पालकांच्या संमतीपत्रासह जपून ठेवावीत आणि रेंज मिळेल तेव्हा पाठवावीत. पुण्यातल्या दंतवैद्याने ती सवडीने पाहून कोणाला तातडीने आणावे, कोणाला महिन्याभरात आणावे आणि कोणाला नुसते घासण्याचे वळण लावले तरी पुरे, हे कळवावे. ज्यांना जाण्याची गरज नाही त्यांची खेप वाचते, आणि ज्यांना आहे त्यांच्या आईबापांना पोराची दाढ मोबाइलच्या पडद्यावर ठळक दिसते. ती दुधाची नव्हे हे एकदा डोळ्यांनी पाहिले म्हणजे चिठ्ठीहून अधिक काम होते.

या साधनाची मर्यादाही तितक्याच स्पष्टपणे सांगितली पाहिजे. दोन दातांच्या फटीतली कीड छायाचित्रात दिसत नाही, मुळाशी साचलेला पू क्ष-किरणावाचून कळत नाही, आणि कितीही उत्तम सल्ला असला तरी तारेवरून दाढ भरता येत नाही. म्हणून सल्ल्याच्या पाठोपाठ हात आले पाहिजेत. सुदैवाने शाळेच्या ओट्यावर, विजेवाचून व यंत्रावाचून करता येण्याजोगे उपचार आज सिद्ध आहेत. वर्षातून दोनदा दातांवर फ्लोराइडचा लेप देता येतो. हातातल्या उपकरणांनी कीड खरवडून ग्लास आयोनोमर सिमेंट भरण्याची पद्धत १९८० नंतरच्या दशकात टांझानियात विकसित झाली. चांदीयुक्त फ्लोराइडचा थेंब लावला तर कीड जागच्या जागी काळी पडून थांबते. ही औषधद्रव्ये जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली आहेत. ती वापरणारा दंतवैद्य पावसाळा सरताच ठरल्या दिवशी ठरल्या शाळेत आला पाहिजे, आणि कोणाचे काय करायचे याची यादी छायाचित्रांवरून त्याच्या हाती आधीच तयार असली पाहिजे; दूरस्थ सल्ल्याचे खरे मोल मी यातच मानतो.

शंभर वर्षांचा हा आढावा घेतला म्हणजे एक गोष्ट लख्ख दिसते: मुळशीच्या मुलांचे दात किडलेले आहेत हे शोधून काढणे हे कधीच अवघड काम नव्हते, ते मास्तरांना दिसत होते, आईला दिसत होते आणि तपासणीच्या तक्त्यांत दरसाल लिहिलेही जात होते. नवी रीत जर आणखी चांगली छायाचित्रे आणि आणखी नीटनेटके तक्ते एवढ्यावरच थांबली, तर पूर्वीच्या चुकीलाच नवे उपकरण मिळाले असे होईल. यासाठी एकच नियम पुरेसा आहे, आणि तो जिल्हा परिषदेने, आरोग्य खात्याने व दंतमहाविद्यालयांनी मिळून घालून घ्यावा: दातांच्या रकान्याशेजारी आणखी एक रकाना आखावा, त्यात उपचार पुरा झाल्याची तारीख लिहावी, आणि ती तारीख पडेपर्यंत एकाही मुलाचे प्रकरण दप्तरदाखल करू नये.