वाद्याचा कान

जव्हार तालुक्यात जामसरच्या बाजूला लग्नसराईत दोन अगदी भिन्न वाद्ये कानी पडतात. एक तारपा. वाळलेला दुध्या, बांबूच्या नळ्या आणि ताडाच्या पानांचा कर्णा, असे त्याचे सारे साहित्य रानातले नि परसातले. दुसरे वाद्य बेंजो. हा मात्र समुद्र ओलांडून आलेला पाहुणा आहे आणि त्याच्या प्रवासाची हकीकत मोठी मौजेची आहे.

नावावरून कोणी त्याला अमेरिकन ठरवील. पण अमेरिकेतला बँजो कातड्याने मढवलेला, छातीशी धरून छेडायचा. आपला बेंजो म्हणजे लांबट पेटी. ती आडवी ठेवावी, एका हाताने कळा दाबाव्यात, दुसऱ्याने तारा छेडाव्यात. त्याचे माहेर जपानातले नागोया शहर. १९१२ साली तेथे ताईशो राजवट सुरू झाली आणि त्याच वर्षी गोरो मोरिता नावाच्या कलावंताने तारांच्या जुन्या वाद्याला टाइपरायटरसारख्या कळा बसवल्या. नव्या राजवटीवरून त्याचे नाव पडले 'ताईशोगोतो'. आपल्याकडे त्याचे झाले 'बुलबुल तरंग', आणि वरातीत शिरताच तो बेंजो झाला.

पण ढोलताशांच्या गजरात या नाजूक तारा ऐकणार कोण? म्हणून त्याला पिकअप बसले. पिकअप म्हणजे वाद्याचा कान. लोहचुंबकाभोवती केसाहूनही बारीक, सुमारे ०.०६ मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचे हजारो वेढे घालतात. वर पोलादी तार थरथरली की चुंबकाचे क्षेत्र हलते, वेढ्यांत क्षीण वीज उपजते आणि अँप्लिफायर तिचा मोठा आवाज करतो. ही युक्ती अमेरिकेत १९३१-३२ च्या सुमारास रिकनबॅकरच्या हवाईयन गिटारीत प्रथम नावारूपाला आली.

जपानने तीही उचलली. तेथे १९३३ पासून मित्सुओ मात्सुकी विजेच्या गिटारी बनवू लागला. त्यातून 'गुयाटोन' हे नाव पुढे आले. १९४६ साली 'टेस्को'चा पाया घातला गेला. १९६७ मध्ये ती कंपनी कावाईकडे गेली. मधल्या काळात जपानी गिटारी जहाजे भरभरून अमेरिकेला गेल्या; पण त्यांच्या माथ्यावर पुष्कळदा कारखान्याचे नसून विकणाऱ्याचे नाव असे. एकाच कारखान्याची गिटार पाच दुकानांत पाच नावांनी खपे!

मग आज तिचे कूळ ओळखायचे कसे? इतिहासाचार्य राजवाड्यांनी बखरीपेक्षा अस्सल कागदाला मान दिला. येथेही तोच न्याय. माथ्यावरचे नाव ही बखर. आतला पिकअप हा अस्सल कागद. टेस्कोच्या कित्येक पिकअपांवर जाळीदार झाकण असते नि त्याखालून सोनेरी पत्री चमकते. पत्री केवळ शोभेची. स्वराचे गुपित आत आहे. त्यांतल्या अनेकांत रबरासारखा चपटा चुंबक असतो. गुयाटोननेही सोनेरी पत्री वापरली. म्हणून झाकणावर न भुलता स्क्रूंची जागा, पाठीचा पत्रा नि वेटोळ्याची घडण ताडून पाहावी लागते.

मला जुन्या वाद्यांची पोटे उघडून पाहण्याचा नाद आहे. जामसरच्या बाजूच्या एका वादकाने आपला बेंजो माझ्यापुढे उघडला, तेव्हा आत दोन पिकअप निघाले. एक बाजारातला नवा. दुसरा जुना, कोणा कारागिराने हाताने गुंडाळलेला, वर कापडी पट्टी. नाव कोठेच नाही. आम्ही दोन्ही तपासले. आधी पेटीच्या लाकडावर टिचकी मारली. टिचकी खणखणीत ऐकू आली असती, तर लाकडाचा कंप घेणाऱ्या जातीचा संशय आला असता. येथे दोन्ही चुंबकी निघाले. होकायंत्राने चुंबकाची टोके पाहिली, मीटरने विजेचा विरोध मोजला. एका वेटोळ्याच्या अमेरिकन फेंडर पिकअपात तो सुमारे ६ हजार ओहम भरतो, गिबसनच्या जोडवेटोळ्यात साडेसात-आठ हजार. या जोडवेटोळ्यासाठी सेठ लव्हरने १९५५ साली पेटंटचा अर्ज केला. दोन वेटोळी एकमेकांतली विजेची घरघर मारतात. पण आकड्यांवर निकाल देऊ नये. तार जाड की बारीक, वेढे किती, चुंबक कसला, यांवर स्वर ठरतो. खरी तुलना करायची तर तीच तार, तेच अंतर, तोच अँप्लिफायर हवा.

तशी केली. नव्याचा आवाज करकरीत नि धीट. जुना घरघरत होता, पण तार सुटल्यावर स्वर हळूहळू विरे, त्यात एक ओलावा होता. वादक म्हणाला, "गोड आहे, पण वरातीत पुरत नाही. काढून टाकणार आहे."

त्याचे म्हणणे रास्तच. पोट वरातीवर चालते, ओलाव्यावर नव्हे. परंतु जपानी गिटारीच्या एका पिकअपासाठी परदेशातले शौकीन मीटर घेऊन बसतात, आणि आपल्या बेंजोचे असे कान दुरुस्तीच्या टेबलावरून केरात जातात. २०१६ साली या वादकांवर 'बँजो' हा हिंदी चित्रपट निघाला. त्यांच्या वाद्यांना आवाज देणाऱ्या कारागिरांची नावे मात्र त्या वाद्यांवर नाहीत. जो दाखला उरला आहे, तो या वेटोळ्यांतच.

म्हणून मी त्या वादकाला एवढेच सुचवले, की जुना पिकअप टाकू नये. कागदात गुंडाळून, वर तो कोणी केला, केव्हा बसवला, एवढे लिहून पेटीतच ठेवावा. त्याने आठवून एक नाव सांगितले, गावही सांगितले. बोलपेन माझ्यापाशी होतेच.