रुळांवरची बाजारपेठ

आमच्या बुलढाणे शहरात आगगाडी येत नाही. गाव जिल्ह्याचे ठिकाण खरे, पण गाडी गाठायची तर मलकापुरास उतरावे लागते. म्हणूनच की काय, रेल्वेचे आकर्षण आम्हां बुलढाणेकरांस जरा अधिकच. बाकी जिल्ह्याचे नशीब बरे म्हणायचे. मुंबईहून निघालेला लोहमार्ग वऱ्हाड ओलांडून १८६७ साली नागपुरास पोहोचला आणि पुढे तीनच वर्षांनी, १८७० मध्ये, जलंबपासून खामगावपर्यंत आठ मैलांचा फाटा निघाला. त्याच्या उद्घाटनास खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले होते. आठ मैलांच्या रुळांसाठी हिंदुस्थानचा व्हाइसरॉय! कारण अर्थातच कापूस. अमेरिकेतील यादवी युद्धाने (१८६१-६५) लँकेशायरच्या गिरण्यांचा पुरवठा तोडला, तेव्हा त्यांची नजर वऱ्हाडावर पडली, आणि खामगाव ही तर वऱ्हाडातली नामांकित कापूसपेठ. म्हणजे बाजार आधी होता. रेल्वे त्याच्या दाराशी चालत आली.

याच्या नेमका उलटा प्रकार पाहावयाचा असेल तर वाचकांनी नवी मुंबईस जावे. माझी धाकटी बहीण नेरूळला असते. गेल्या दिवाळीत तिने मला खरेदीसाठी सीवूड्स-दारावे स्थानकावर नेले. मी म्हटले, ‘‘अगं, स्टेशनावर कसली खरेदी?’’ ती म्हणाली, ‘‘दादा, वर तर बघ!’’ वर पाहतो तो छपराच्या जागी मजल्यावर मजले चढलेले. खाली लोकल येते-जाते आणि डोक्यावर साड्या, जोडे, घड्याळे, चित्रपटगृह! फलाटावर उतरलेला माणूस सरकत्या जिन्यावर पाय ठेवतो तो थेट दुकानात.

हे गौडबंगाल समजून घ्यायचे तर थोडे मागे जायला हवे. मुंबईची गर्दी खाडीपलीकडे वळवावी, ही कल्पना चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये ‘मार्ग’ नियतकालिकातून मांडली. १९७० साली सिडको स्थापन झाली. पण खाडीवरून रेल्वे आल्याखेरीज या नगरीत कोण येणार? आणि वस्ती झाल्याखेरीज रेल्वे तरी का येणार? तिढा सुटला तो असा: नव्या मार्गांच्या खर्चातले ६७ टक्के सिडकोने द्यायचे, ३३ टक्के रेल्वेने, आणि मोबदल्यात स्थानकांच्या परिसराचा व माथ्यावरच्या जागेचा व्यापारी उपयोग सिडकोने करायचा. तिकिटावर अधिभारही लागला. १९९२ मध्ये लोकल वाशीस आली, १९९३ मध्ये बेलापुरास. ही स्थानके बांधली तीच मुळी माथ्यावर कचेऱ्या घेऊन. आमच्या मलकापूरच्या स्टेशनाची सवय झालेला माणूस वाशीस उतरला, तर हे स्टेशन की सचिवालय, असा त्यास प्रश्न पडावा.

कल्पना अगदी नवी होती असे नव्हे. जपानात ओसाकाच्या उमेदा स्थानकाशी हानक्यू रेल्वेने १९२९ सालीच आपले मोठे वस्तुभांडार थाटले होते. प्रवासी आणि गिऱ्हाईक एकच, हे त्या चतुर लोकांनी लवकर ओळखले.

सीवूड्सची सुमारे ४० एकर जागा सिडकोने २००८ मध्ये निविदा काढून लार्सन अँड टुब्रो कंपनीस दिली. बोली होती १,८०९ कोटी रुपयांची. वरचा मॉल उघडला २०१७ मध्ये. ज्या जमिनीस रेल्वेने भाव आणला, त्या भावातूनच रेल्वेचा खर्च निघायचा. हिशेब चोख खरा.

पण हिशेबमास्तराच्या वहीत एक रकाना सुटतो. ही जमीन ओसाड नव्हती. नवी मुंबईसाठी ९५ गावांची जमीन निश्चित झाली. तीत भातखाचरे होती, मिठागरे होती, आगरी-कोळ्यांची घरे होती. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली उरणकडचे शेतकरी मोबदल्यासाठी रस्त्यावर उतरले, गोळीबार झाला आणि पाच जण ठार झाले. त्यानंतर कोठे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. स्थानकाच्या नावातले ‘सीवूड्स’ हे शेजारच्या वसाहतीचे, नवे. ‘दारावे’ हे जुन्या गावाचे. जोडनावात गाव दुसरे येते, आणि बहीण तर म्हणते, ‘‘रोजच्या बोलण्यात आम्ही नुसतं सीवूड्सच म्हणतो.’’ पाटीवर गाव राहिले एवढे तरी बरे.

इकडे खामगावची गाडी जालन्यापर्यंत न्यावी, ही मागणी शंभर वर्षांहून जुनी आहे. किती सर्वेक्षणे झाली आणि किती निवेदने गेली! प्रत्येक वेळी प्रश्न एकच, उत्पन्न किती येणार? दर चौरस फुटाने विकावे असे आमच्या जमिनीत काही नाही. कापूस आहे, सोयाबीन आहे, देऊळगावराजा-चिखलीकडची माणसे आहेत. शेगावला गजानन महाराजांच्या दर्शनास लाखो लोक येतात खरे. पण ते मूळ मार्गावरच उतरतात.