चौसष्ट बाइटांचें दप्तर

गांवच्या चावडीस आग लागून तलाठ्याचें दप्तर जळालें, म्हणून शेतें नाहींशीं होत नाहींत. बांध जागच्या जागीं राहतात, हद्दीचे दगड राहतात, विहीर राहते, उभें पीकहि राहतें. नाहींसा होतो तो कोणाची जमीन कोठून कोठवर आहे हें सांगणारा कागद. संगणकाच्या हार्ड डिस्कची गोष्ट बरीचशी अशीच आहे. एके सकाळीं संगणकाची कळ दाबावी, आणि नेहमींच्या चित्राऐवजीं काळ्या पडद्यावर ऑपरेटिंग सिस्टिम सांपडत नाहीं अशा अर्थाची एकच पांढरी ओळ उमटावी, हा प्रसंग पुष्कळ सुशिक्षित घरांवर केव्हां ना केव्हां येतो. मुलीचा प्रबंध, जुन्या चोपडींतून उतरवून घेतलेली घराण्याची वंशावळ, लग्नकार्यांचीं छायाचित्रें, दुकानाचा हिशेब, हें सारें एका क्षणांत बुडालें अशी घरच्या माणसांची समजूत होते. वस्तुतः अशा वेळीं पुष्कळदां जळालेलें असतें तें केवळ दप्तर. शेत शाबूत असतें. तें दप्तर कोणीं बांधलें, तें एवढें नाजूक कां राहिलें, आणि तें हरवल्यावर हद्दी पुन्हां कशा शोधून काढतां येऊं लागल्या, याचा इतिहास मनोरंजक तर आहेच, परंतु ऐन अडचणींत उपयोगीं पडणाराहि आहे.

चुंबकीय तबकड्यांवर माहिती साठविणारें यंत्र अमेरिकेंतील आय.बी.एम. कंपनीनें सप्टेंबर १९५६ मध्यें प्रथम जाहीर केलें. कॅलिफोर्नियांतील सॅन होझे येथें रेनॉल्ड जॉन्सन यांच्या हाताखालील मंडळींनीं तयार केलेल्या त्या यंत्रांत २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या एकावर एक बसविलेल्या होत्या. यंत्राचें वजन टनाच्या घरांत होतें, आणि इतकें करून त्यांत मावत असत तीं अवघीं ५० लक्ष अक्षरें. असलें यंत्र घरांत येणें शक्यच नव्हतें. याच कंपनीनें १२ ऑगस्ट १९८१ रोजीं जाहीर केलेल्या वैयक्तिक संगणकांतहि हार्ड डिस्क नव्हती. सारा कारभार फ्लॉपीवर चाले. ८ मार्च १९८३ रोजीं 'एक्सटी' हा संगणक आला, तेव्हां मात्र त्याच्या पोटांत १० मेगाबाइटांची हार्ड डिस्क होती.

एवढी ऐसपैस जागा हाताशीं येतांच एक व्यावहारिक प्रश्न उभा राहिला. संगणकावर एकाच ऑपरेटिंग सिस्टिमचें राज्य चालेल असें त्या काळीं ठरलेलें नव्हतें. मायक्रोसॉफ्टची डॉस होती, डिजिटल रिसर्चची सीपी/एम-८६ होती, युनिक्सच्या वंशांतील झेनिक्स होती. आणि प्रत्येकीची लिहिण्याची रीत निराळी. एकाच डिस्कवर या सवतींनीं सुखानें नांदावयाचें, तर घरांत भिंती घालणें भाग होतें. अशा भिंती घालून पडणाऱ्या विभागांस पार्टिशन म्हणतात. एक्सटीबरोबर आलेल्या डॉस २.० मध्यें या कामासाठीं 'एफडिस्क' नांवाचा प्रोग्रॅम दिलेला होता.

आतां या भिंतींची नोंद कोठें करावयाची? डिस्कवरील जागा ५१२ बाइटांच्या लहान लहान खणांत वांटलेली असते. त्या खणांस सेक्टर म्हणतात. त्यांतील अगदीं पहिला सेक्टर नोंदीसाठीं राखून ठेवण्यांत आला व त्यास 'मास्टर बूट रेकॉर्ड' असें नांव मिळालें. त्यांतील पहिले ४४६ बाइट संगणकास जागें करणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमसाठीं, पुढचे ६४ बाइट विभागांच्या कोष्टकासाठीं, आणि शेवटचे २ बाइट ओळखीच्या शिक्क्यासाठीं. कोष्टकांत ओळी फक्त चार, प्रत्येकी १६ बाइटांची. एकेका ओळींत विभागाची सुरुवात, त्याची लांबी, त्याची जात, आणि तेथून संगणक सुरू करावयाचा कीं नाहीं, एवढाच मजकूर. संगणक प्रथम हा सेक्टर वाचतो, कोष्टकावरून योग्य विभागाकडे वळतो, आणि त्या विभागाच्या पहिल्या सेक्टरांतील सूचनांप्रमाणें पुढचें काम सुरू होतें. शिक्का जुळला नाहीं किंवा ओळ खोटी निघाली, कीं सारा कारभार तेथेंच थांबतो.

चौसष्ट बाइट म्हणजे पोस्टकार्डावरील दोन ओळी. सबंध डिस्कचें भवितव्य या दोन ओळींवर अवलंबून, आणि त्यांची दुसरी प्रत मात्र डिस्कवर कोठेंहि नाहीं. १० मेगाबाइटांच्या काळांत ही काटकसर समजण्यासारखी होती. परंतु डिस्का वाढल्या व कोष्टक तसेंच राहिलें. डॉसला त्या वेळीं ३२ मेगाबाइटांहून मोठा विभाग हाताळतां येत नसे. म्हणून १९८७ सालच्या डॉस ३.३ मध्यें 'विस्तारित विभाग' काढण्यांत आला. त्याच्या पोटांत आणखी उपविभाग, आणि प्रत्येकाच्या तोंडाशीं पुढच्याचा पत्ता सांगणारें एक छोटें कोष्टक, अशी ती सांखळी होती. एक कडी तुटली कीं तिच्या पलीकडचे सारे उपविभाग दिसेनासे होत. मात्र हीं छोटीं कोष्टकें डिस्कभर विखुरलेलीं असत, ही गोष्ट पुढें फार उपयोगाची ठरली.

या दप्तरावर मोठा घाला आला तो संगणकाच्या विषाणूंचा. न्यूझीलंडमध्यें १९८७ सालीं निघालेला 'स्टोन्ड' हा विषाणु पहिल्या सेक्टरांत स्वतः जाऊन बसे आणि मूळचा सेक्टर सात क्रमांकाच्या सेक्टरांत सरकवून ठेवी. त्याचाच वंशज 'मंकी' अधिक कपटी होता. तो मूळचा सेक्टर सांकेतिक रूपांत दडवी आणि पहिल्या सेक्टरांत खरें कोष्टक ठेवीतच नसे. स्वतः जागा असेपर्यंत विचारणाऱ्यास तो दडविलेलें कोष्टक काढून दाखवी, त्यामुळें वरकरणीं सारें सुरळीत चाले. त्या दिवसांत विषाणूवर एक झटपट उतारा जाणत्यांच्या तोंडीं होता: स्वच्छ फ्लॉपीवरून संगणक सुरू करावयाचा आणि 'एफडिस्क'ला विशिष्ट आज्ञा देऊन पहिल्या सेक्टरांतील प्रोग्रॅम नव्यानें लिहावयाचा. मंकीवर हा उतारा केला कीं विषाणु मरे. पण कोष्टक कोठें दडविलें आहे हें जाणणारा एकमेव साक्षीदारहि त्याबरोबर मरे, आणि भरलेली डिस्क रिकामी दिसूं लागे. रोगापेक्षां औषधानें रोगी दगावण्याचा हा प्रकार हरवलेल्या विभागांच्या इतिहासांत पुढें वारंवार दिसतो.

हद्दी पुन्हां शोधण्यामागील मूळ कल्पना साधी आहे. १९८२ सालीं पीटर नॉर्टन यांनीं पुसलेली फाइल परत आणणारा 'अनइरेज' हा प्रोग्रॅम काढला, तेव्हांच तिचें बीज पडलें होतें. डॉस फाइल पुसतांना तिचा मजकूर पुसत नसे. सूचींतील नांवाचें पहिलें अक्षर खोडी आणि जागा मोकळी झाल्याची नोंद करी. मजकूर व सूची या दोन निराळ्या वस्तु आहेत, हें त्या प्रोग्रॅमनें सामान्य माणसास पटवून दिलें. विभागांचेंहि तसेंच आहे. कोष्टक गेलें तरी प्रत्येक विभाग आपली हद्द स्वतःच्या अंगावर वागवीत असतो. त्याच्या आरंभींच त्याची एकूण लांबी नोंदलेली असते. विंडोजच्या 'एनटीएफएस' पद्धतींत या आरंभीच्या सेक्टराची प्रत विभागाच्या अखेरीस असते. १९९६ सालच्या 'फॅट-३२' पद्धतींत ती सहा क्रमांकाच्या सेक्टरांत असते. लिनक्सची 'एक्स्ट-२' पद्धति आपल्या मुख्य नोंदीच्या अनेक प्रती विभागभर पेरून ठेवते. शिवाय भिंती घालण्याचाहि एक रिवाज असतो. पूर्वीं पहिला विभाग ६३ सेक्टर सोडून सुरू होई. २००७ सालच्या विंडोज व्हिस्टापासून तो २०४८ सेक्टर सोडून, म्हणजे बरोबर एका मेगाबाइटावर, सुरू होऊं लागला. बांधावरचे दगड म्हणावयाचे ते हेच.

हे दगड पाहून नकाशा पुन्हां काढण्याचें काम हातानें करावयाचें, तर एकेक सेक्टर पडद्यावर वाचून कागदावर बेरीज-वजाबाकी मांडावी लागे. फ्रान्समधील क्रिस्तॉफ ग्रेनिए यांनीं १९९८ सालीं 'टेस्टडिस्क' हा प्रोग्रॅम लिहावयास घेतला आणि हें काम यंत्राच्या स्वाधीन केलें. तो सर्वांस मोफत आहे व त्याची अंतर्गत रचनाहि कोणासहि वाचतां येते. तो डिस्क चाळतो, खुणा सांपडतील तेथें विभागाची सुरुवात व शेवट मांडतो, आणि त्या विभागांतील फायलींची यादी दाखवितो. यादींत ओळखीचीं नांवें दिसलीं, कीं हद्द बरोबर आहे असें समजावयाचें. दोन विभाग एकमेकांवर चढलेले दिसले, तर त्यांतील एखादा पूर्वीं मोडून टाकलेला विभाग असूं शकतो. खरी वहिवाट कोणाची, हें पाहणाऱ्यानें ठरवावयाचें. मालकानें 'लिही' अशी आज्ञा देईपर्यंत नवें कोष्टक डिस्कवर उमटत नाहीं, हा या प्रोग्रॅमचा मोठा गुण होय.

अशा विद्येची मोठी परीक्षा २६ एप्रिल १९९९ रोजीं झाली. तैवानमधील चेन इंग-हाउ या विद्यार्थ्यानें लिहिलेला, त्याच्या आद्याक्षरांवरून 'सीआयएच' म्हणून ओळखला जाणारा विषाणु त्या दिवशीं जागा झाला. विंडोज ९५ व ९८ च्या संगणकांवर त्यानें डिस्कचा पहिला एक मेगाबाइट शून्यांनीं भरून टाकला. कोष्टक गेलें, पहिल्या विभागाचें तोंडहि गेलें. कांहीं संगणकांतील सुरुवातीच्या सूचनांची चिपहि निकामी झाली. दक्षिण कोरिया व तुर्कस्तान येथें नुकसान विशेष झालें. डिस्क मेली असें मानून जो ती नव्यानें फॉरमॅट करी, त्याचा उरलासुरला आधारहि तुटे. परंतु फॅट-३२ च्या मोठ्या विभागांत कोणत्या फाइलीचा मजकूर कोठें आहे हें सांगणारी सूची दोनदां लिहिलेली असते, आणि दुसरी प्रत त्या पहिल्या मेगाबाइटाच्या पलीकडे सुरक्षित होती. अमेरिकेंतील स्टीव्ह गिब्सन यांनीं या गोष्टीच्या आधारें 'फिक्स-सीआयएच' हा प्रोग्रॅम लिहून फुकट वांटला, आणि मेलेल्या मानलेल्या डिस्का पुन्हां बोलूं लागल्या. विस्तारित विभागाचीं छोटीं कोष्टकें डिस्कच्या आंतल्या भागांत असल्यामुळें पुढचे विभागहि परत मिळूं शकत. ज्यांचा पहिला विभाग जुन्या पद्धतीचा व लहान होता, त्यांच्या सूचीच्या दोन्ही प्रती मात्र शेजारीं-शेजारीं होत्या व दोन्ही एकदमच गेल्या.

सनद आणि तिची नक्कल एकाच पेटींत ठेवूं नयेत, हा धडा नव्या कोष्टकानें घेतला. जुन्या कोष्टकांत सेक्टरांची संख्या लिहावयास ३२ द्विमान अंकांचीच जागा असल्यामुळें सुमारें २.२ टेराबाइटांपलीकडची जमीन त्यास मोजतांच येत नसे. इंटेल कंपनीच्या पुढाकारानें आलेल्या 'जीपीटी' या नव्या कोष्टकांत सामान्यतः १२८ ओळींची सोय असते, चूक ओळखण्यासाठीं पडताळ्याची बेरीज असते, आणि सबंध कोष्टकाची दुसरी प्रत डिस्कच्या अगदीं शेवटीं असते. ॲपलनें २००६ सालच्या आपल्या इंटेल संगणकांत तें स्वीकारलें, आणि २०१२ सालच्या विंडोज ८ पासून नव्या संगणकांत तें सार्वत्रिक होत गेलें.

तरीहि या विद्येस मर्यादा आहेत. २७ जून २०१७ रोजीं युक्रेनमधून पसरलेल्या 'नॉटपेट्या'नें पहिला सेक्टर तर बदललाच, पण एनटीएफएस विभागांतील मुख्य सूचीस असें सांकेतिक कुलूप घातलें कीं त्याची किल्ली कोणापाशींच राहिली नाहीं. हद्दी कळल्या तरी आंतलें वाचतां येईना. डेन्मार्कच्या मेअर्स्क कंपनीचा जगभरचा कारभार ठप्प झाला, आणि न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरांतील तिच्या समूहाचें टर्मिनलहि त्यांत अडकलें. कंपनीनें सुमारें ४,००० सर्व्हर व ४५,००० संगणक दहा दिवसांत नव्यानें उभे केले. त्यासाठीं लागणारी, जाळ्यावरील माणसांची व यंत्रांची नोंदवही शेवटीं घानामधील कार्यालयांत मिळाली. हल्ल्याच्या वेळीं तेथील वीज गेल्यामुळें तो संगणक जाळ्यापासून तुटला होता व म्हणून वांचला. दुसरी मर्यादा नव्या साठवणीची. तबकडीऐवजीं चिपांच्या बनलेल्या 'एसएसडी'स ऑपरेटिंग सिस्टिम रिकाम्या झालेल्या जागेची वर्दी देते. तिला 'ट्रिम' म्हणतात. मग एसएसडी ती जागा खरोखरच झाडून टाकते. केवळ कोष्टक बिघडलें असेल तर तेथेंहि विभाग परत मिळूं शकतात. चुकून फॉरमॅट झालें असेल तर आशा फारच थोडी.

एवंच, डिस्क सुरू होईनाशी झाली असतां पहिलें कर्तव्य म्हणजे कांहींहि न लिहिणें. 'फॉरमॅट करूं काय?' या प्रश्नास होकार देऊं नये, व ऑपरेटिंग सिस्टिम पुन्हां घालण्याची घाई करूं नये. डिस्क टकटक असा आवाज करीत असेल, तर ती बंद करून जाणत्याच्या हवालीं करावी. आवाज नसेल, तर ती दुसऱ्या संगणकास जोडून तिची सेक्टरावार नक्कल काढावी; आन्तोनियो दियाझ दियाझ यांचा २००४ सालचा 'डीडीरेस्क्यू' हा प्रोग्रॅम याच कामासाठीं आहे. शोध त्या नकलेवर घ्यावा, सांपडलेल्या फायली प्रथम निराळ्या डिस्कवर उतरवाव्या, आणि कोष्टक लिहिण्याचें काम सर्वांच्या शेवटीं करावें. विभाग सांपडला म्हणजे संगणक सुरू होईलच असेंहि नाहीं. जागें करणाऱ्या प्रोग्रॅमची दुरुस्ती हें त्यानंतरचें स्वतंत्र काम आहे. दप्तर जळाल्यानें शेत जात नाहीं. पण नवें दप्तर बांधण्याच्या घाईंत त्याच शेतावर नांगर फिरविला, तर हद्दीचे दगडहि उखडले जातात. आणि हें सारें साधलें तरी ज्या घरांत छायाचित्रांची व कागदपत्रांची एक प्रत निराळ्या डिस्कवर, निराळ्या जागीं ठेवलेली असते, त्या घरास या विद्येची गरज सहसा लागत नाहीं.